नाही म्हटलं तर ग्रुप तुटेल का?

प्रश्न : मी लातूरचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सबमिशन संपलं की रूमवर ‘बसायचं’ ठरतं. मला पिण्यात गोडी नाही, पण एकटा पडेन अशी भीती वाटते.

उत्तर : त्या खोलीत तुझ्यासारखे आणखी एकदोघं असण्याची दाट शक्यता आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. पिण्याबद्दल मनात अस्वस्थता होती, पण ती आपल्यालाच आहे, बाकीचे निवांत आहेत, असा विद्यार्थ्यांचा समज होता. कुणी बोलत नाही, म्हणून तो समज टिकतो.

तुला त्या बैठकीतून नक्की काय हवंय, ते ठरव. गप्पा आणि सोबत हवी असेल, तर जरूर जा, पण पहिली बाटली उघडण्याआधीच स्वतःचा लिंबूसोडा भरून घे. ‘मी घेत नाही’ एवढंच म्हण. कारण सांगू नकोस. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो. हट्ट धरणाऱ्या मित्राशी दुसऱ्या दिवशी चहावर एकट्याने बोल, चारचौघांत नको.

आणि बॅकलॉगचं टेन्शन विसरायला प्यावंसं वाटू लागलं, तर मात्र मदत घ्यायला थांबू नकोस. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रीही बोलता येतं, मराठीतही.