घोड्याला लगाम बसत नाही? आधी टेप काढा, मग पाकीट

काठियावाडी घोडा घेतला, हौसेने ऑनलाइन लगाम मागवला आणि आता कपाळपट्टी कानाच्या मुळाशी रुतते, नाकपट्टी मात्र ढिली लोंबते. अशी तुमची गत झाली असेल तर घोड्यात खोट काढू नका. खोट मापात आहे. आपल्याकडे मिळणारा तयार चामडी लगाम बहुतेक कानपूरचा असतो. कानपूरच्या खोगीर-लगामाला भौगोलिक मानांकन आहे आणि मालही चांगला मिळू शकतो, पण त्याची मापं निर्यातीची: पोनी, कॉब, फुल, एक्स्ट्रा फुल. ती परदेशी घोड्यांच्या डोक्यावर बेतलेली आहेत. काठियावाडीचं कपाळ रुंद आणि तोंड आखूड, निमुळतं. त्याला कपाळाशी फुल लागतं आणि नाकाशी कॉब. मारवाडीचा चेहरा लांब, अरुंद. त्याची गालपट्टी फुलची, नाकपट्टी त्याहून लहान. भीमथडी वळणाचं तट्टू पोनी आणि कॉब यांच्या मधे कुठेतरी अडकतं. पुणे-मुंबईच्या शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड त्यातल्या त्यात सोपा, त्याला फुल किंवा कॉब बहुधा चालून जातो.

म्हणून पहिला सल्ला: पूर्ण सेट घेऊ नका. शिरपट्टी, कपाळपट्टी, गालपट्ट्या, नाकपट्टी, बिट (तोंडात बसणारा धातूचा दांडा) आणि रास वेगवेगळ्या मापांत सुटे मिळतात का, हे आधी विचारा. रंग थोडा इकडेतिकडे होईल, होऊ द्या. एकसारख्या रंगाच्या हट्टापायी लोक दोन-दोन सेट घेतात आणि दोन्ही खुंटीवर टांगून ठेवतात.

मापं घरीच घ्या. शिंप्याचा कापडी टेप, सुतळी आणि पेन पुरे. एका ओठाच्या कोपऱ्यापासून कानामागून दुसऱ्या ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. एका कानाच्या मागच्या बाजूपासून कपाळावरून दुसऱ्या कानाच्या मागच्या बाजूपर्यंत. गालाचं हाड जिथे संपतं त्याच्या दोन बोटं खाली, नाकाभोवती पूर्ण घेर. कानामागून गळ्याखालून परत कानापर्यंत. बिटासाठी तोंडाची रुंदी: गुळगुळीत काडी किंवा गाठ मारलेली सुतळी बिटाच्या जागी तोंडातून आडवी धरायची आणि दोन्ही ओठांपाशी खूण करायची. मोजलेल्या रुंदीत जेमतेम अर्धा इंच मिळवा. बिट दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचच बाहेर दिसला पाहिजे. देशी घोड्याला बहुतेकदा साडेचार ते पाच इंचाचा बिट लागतो. दुकानदार सवयीने सव्वापाचचा पुढे करतो, कारण तोच त्याच्याकडे पडून असतो.

ही मापं इंचांत कागदावर लिहा आणि विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. ‘फुल साइज आहे का?’ असं कधीही विचारू नका. कॉबची कपाळपट्टी साधारण १५ इंच आणि फुलची १६ असते, पण प्रत्येक कारखान्याचा तक्ता वेगळा. ‘कपाळपट्टी शिवणीपासून शिवणीपर्यंत किती इंच?’ असं विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

पैसे घालण्याआधी एक खात्री करून घ्या. घोडा मान झटकतो, बिट घेताना तोंड वर करतो, लाळ जास्त गाळतो, तर दोष लगामाचाच असेल असं नाही. दातांच्या धारदार कडा, तोंडातली जखम किंवा बिट टेकतो तिथेच उगवलेला छोटा दात यांनीही हेच होतं. आधी पशुवैद्यकाकडून तोंड तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात जाणं सगळ्यात स्वस्त. घोडा नेणं शक्य नसेल तर १९६२ या हेल्पलाइनवर फिरत्या पथकाची चौकशी करा. खासगी डॉक्टर बोलावलात तर तपासणीसोबत येण्या-जाण्याचा खर्चही फोनवरच ठरवा, आणि त्यांना घोड्याच्या दातांचं काम येतं का, हेही विचारा. गाईम्हशींचे डॉक्टर गावोगाव आहेत, घोड्याचे दात घासणारे थोडे.

आता किंमत. पुढचे आकडे अंदाजपत्रकासाठी धरा. चामडं, दुकान आणि तुमची घासाघीस यांनुसार ते बदलतील. नायलॉनचा पूर्ण लगाम ५०० ते ९०० रुपये. चामड्यासारखा दिसणारा प्लास्टिक-लेपाचा १,५०० ते ३,०००. कानपुरी चामड्याचा, राशीसकट, १,८०० ते ४,०००. सुटी कपाळपट्टी ३०० ते ७००, गालपट्ट्यांची जोडी ४०० ते ८००, नाकपट्टी ५०० ते १,०००. स्टेनलेस स्टीलचा साधा स्नॅफल बिट ७०० ते १,५००. तुमच्या मापाने बनवून घेतलात तर ४,००० ते ७,००० आणि तीन-चार आठवडे. कारागीर दोन म्हणाला तरी तुम्ही चारच धरा.

खिशात दीड हजारच असतील तर नायलॉनचा लगाम आणि चांगला बिट. यात कमीपणा काही नाही. नायलॉनला बक्कलं जास्त असतात, त्यामुळे तो अवघड डोक्यावर चामड्यापेक्षा लवकर जुळतो, आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात त्याला बुरशीही लागत नाही. तोटे दोन. कडा कापतात, म्हणून कानामागे आणि नाकावर सुती कापड किंवा लोकर शिवून घ्या. आणि तो तुटत नाही: घोडा कुठे अडकला तर पट्टी तुटण्याऐवजी मान दुखावते. लगामाने घोडा कधीच बांधून ठेवू नका, कुठल्याही लगामाने. बांधायला हेडकॉलर (बिट नसलेली म्होरकी) वेगळा घ्या, ३०० ते ५०० रुपये त्याचे आधीच हिशेबात धरा.

अडीच-तीन हजार असतील तर माझ्या मते सर्वांत फायद्याचा मार्ग हा: मध्यम प्रतीचा कॉब लगाम घ्यायचा, त्यावर फुलची सुटी कपाळपट्टी घालायची आणि उरलेलं काम स्थानिक चर्मकाराकडून करून घ्यायचं. नाशिककर असाल तर जुन्या नाशकात किंवा देवळाली कॅम्पात बॅगा, पट्टे आणि बूट हाताने शिवणारा कारागीर गाठा. भोक पाडायला १० ते २० रुपये, बक्कल बदलायला ५० ते १५०, पट्टी आखूड करून शिवायला १०० ते २००. त्याने लगाम कधी शिवला नसेल तरी चालेल, फक्त चार गोष्टी समोर बसून सांगा. पट्टी आखूड करायची ती बक्कलाच्या टोकाकडून, भोकांच्या टोकाकडून नाही. भोक गोल पंचाने पाडायचं, आरीने नाही. आरीचं भोक ताणाने फाटत जातं. दोन भोकांत पाऊण इंच अंतर हवं. आणि रिव्हेट नको, जाड मेणदोऱ्याची हातशिलाई हवी. रिव्हेट सुटतो आणि घोड्याच्या गालावर घासतो. लग्नसराईत या लोकांकडे गर्दी असते, तेव्हा काम आठवडाभर आधी द्या.

खरेदीला कुठे जायचं? नाशिक शहरात घोड्याच्या सामानाचा पर्याय मर्यादित आहे आणि जे दिसतं त्यातलं बरंचसं वरातीचं: आरसे, मोती, गोंडे, घुंगरू. ते सजवायला ठीक, पण त्यात स्वारी करू नका. आतली पट्टी अनेकदा रेक्झिन किंवा पुठ्ठा घातलेली असते. जिल्ह्यातच येवल्याला मंगळवारी बाजार असतो आणि दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारचा घोडेबाजार मोठा. नाशिकहून दोन तास धरा. त्याहून मोठी निवड हवी तर नंदुरबार जिल्ह्यातली सारंगखेड्याची यात्रा. दत्तजयंतीला तापीकाठी भरते आणि तिथे घोड्यांइतकीच सामानाचीही दुकानं लागतात. अंतर दोनशे किलोमीटरच्या वर, म्हणजे नुसत्या लगामासाठी गेलात तर डिझेलमध्येच लगाम येईल. कोणी जाणारा असेल तर त्याच्या हाती मापांचा कागद आणि घोड्याची जुनी गालपट्टी द्या. यात्रेत माल परत होत नाही, पावतीही क्वचित मिळते, म्हणून तिथे बिट, बक्कलं आणि सुटे भाग घ्या. महागडा पूर्ण लगाम नाही.

नाशकात घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्था आहेत. भोसला मिलिटरी स्कूलमध्ये मुलांना, महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षणार्थींना स्वारी शिकवली जाते. तिथलं सामान विकत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. पण खासगी राइडिंग क्लबच्या मोतद्दाराला विचारलंत तर जुना लगाम कोणाकडे पडून आहे हे त्याला ठाऊक असतं. जुना चामडी लगाम नव्याच्या निम्म्या किमतीला पडला तर घ्या. तपासायचं फक्त एका ठिकाणी: पट्टी जिथे बक्कलाभोवती किंवा बिटाभोवती वळते तिथे उघडून वाकवा. भेगा दिसल्या तर सोडून द्या. घेतलात तर चामडं साबणाने पुसून सावलीत वाळवा आणि बिट पाण्यात उकळा. दुसऱ्या घोड्याचा आजार फुकट घरी आणू नका.

ऑनलाइन घेताना छुपे खर्च आधी मोजा. दिसते ती किंमत जीएसटीसकट आहे का? राशी धरल्या आहेत का? बिट तर जवळजवळ कधीच धरलेला नसतो, फोटोत मात्र असतो. कुरियरचे दीड-दोनशे, घरपोच रोखीचे वेगळे. मोठा घोटाळा परतीत होतो: ‘मोफत परतावा’ लिहिलेलं असतं, पण परतीचा कुरियर तुमच्या खिशातून, आणि चामड्यावर घामाचा डाग किंवा बक्कलाचा वळ दिसला की परतावा नाकारतात. म्हणून पहिल्यांदा चढवण्याआधी सगळ्या पट्ट्यांना स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिक फिल्म गुंडाळा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. भोक पाडण्याचा मोह आवरा. एक भोक पडलं की माल तुमचा. डेकॅथलॉनच्या फुगान्झा नावाच्या सामानाला परतीचे नियम स्पष्ट असतात, पण तुमचं माप साठ्यात आहे का ते दुकानात जाण्याआधी वेबसाइटवर पाहा. बनवून घेणार असाल तर निम्म्याहून जास्त आगाऊ देऊ नका आणि मापांचा कागद बिलाला जोडून घ्या.

बिटावर कंजुषी नको. स्वस्त बिट लोखंडाचा असतो, वर निकेलचा मुलामा. काही महिन्यांत मुलामा सोलतो आणि कडा ओठ कापतात. खिशात लोहचुंबक ठेवा: घट्ट चिकटला तर लोखंड, न चिकटला किंवा जेमतेम ओढला तर चांगलं स्टील. काटेरी, टोकदार बिट कोणी ‘तापट घोड्यासाठी’ म्हणून गळ्यात मारू लागला तर सरळ नाही म्हणा. १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार असा बिट वापरणं बेकायदा आहे. तोंडात जखम असेल तर काही काळ बिटाशिवाय, नाकपट्टीवर चालणारा साधा लगाम वापरता येतो, पण लांब दांड्यांचा हॅकामोर त्यातला नव्हे. तो नवख्या हातात बिटापेक्षा जास्त दुखावतो.

लगाम आला की तो असा पाहा. कपाळपट्टीखाली दोन बोटं सहज जावीत आणि तिने शिरपट्टी पुढे कानांवर ओढू नये. मारवाडी-काठियावाडीचे आत वळलेले कान सतत फिरत असतात, त्यांच्या मुळाशी जागा लागतेच. जागा कमी असताना लोक तिथे लोकरीची गादी घालतात, त्याने पट्टी आणखी आवळते. आधी पट्टी लांब करा, मग गादी. गळपट्टीखाली उभी मूठ मावावी. नाकाच्या हाडावर नाकपट्टीखाली दोन बोटं. हा नियम जुना आहे, पण आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानेही २०२५ पासून स्पर्धांत नाकपट्टीखालची जागा मोजायला ठरावीक मापक आणला आहे, इतकी आवळण्याची खोड सर्वत्र आहे. ओठाच्या कोपऱ्यात एखादी सुरकुती पडेल इतका बिट वर. सगळी बक्कलं मधल्या भोकात असावीत, कारण नवं चामडं ताणतं. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा सगळं तपासा. एखादं बक्कल शेवटच्या भोकात गेलं असेल तर चर्मकाराकडे एक फेरी आहेच, तिचे शंभर-दोनशे आजच बाजूला ठेवा.

विक्रेत्याने लेखी मापापेक्षा वेगळा माल पाठवला आणि पैसे अडकवले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. बिल, मापांचा कागद, व्हॉट्सॲपवरचा संवाद आणि पार्सलचा व्हिडिओ एवढं जवळ ठेवा.