पाऱ्याचे प्रदूषण : मोजतात कसे आणि नमुना घ्यावा कसा?

प्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या पिशवीवर एक सूचना छापलेली असते : 'हे बियाणे विषारी औषधाने प्रक्रिया केलेले आहे, खाण्यासाठी वापरू नये.' पेरणीच्या धांदलीत ती कोणी वाचत नाही. वाचली तरी धान्य धुऊन घेतले म्हणजे झाले, अशी अनेकांची समजूत असते. ही समजूत किती महागात पडते, याचे शेती इतिहासातील सर्वात मोठे उदाहरण इराकमध्ये १९७१-७२ साली घडले. धान्यात, पाण्यात, मातीत आणि माणसाच्या शरीरात पारा किती आहे हे कसे मोजावे, याविषयी शास्त्रज्ञांना जे कळले त्यातील बराच भाग याच प्रसंगातून कळला. म्हणून सुरुवात तेथूनच करू.

इराकमधील गहू

दुष्काळामुळे इराक सरकारने १९७१ मध्ये मेक्सिकोतून अधिक उत्पादन देणाऱ्या वाणाच्या गव्हाचे बियाणे आणि अमेरिकेतून सातूचे बियाणे मागवले. बुरशीजन्य रोगांपासून संरक्षण म्हणून बियाण्याला मिथिल पारायुक्त औषध चोळलेले होते आणि ते ओळखू यावे म्हणून लालसर रंग दिलेला होता. पोत्यांवर धोक्याची सूचनाही होती, पण ती स्पॅनिश व इंग्रजी भाषेत. बियाणे गावोगाव पोचेपर्यंत अनेकांच्या पेरण्या उरकल्या होत्या. घरात धान्य कमी, दारात पोती भरलेली. लोकांनी गहू दळून रोट्या केल्या.

ही माणसे बेफिकीर नव्हती. काहींनी गहू धुऊन पाहिला. रंग निघून गेला, तेव्हा विषही गेले असे त्यांना वाटले. काहींनी आधी कोंबड्यांना व जनावरांना थोडा गहू घालून पाहिला. चार-आठ दिवसांत काही झाले नाही, तेव्हा धीर आला. आपल्याकडेही खेड्यातील शहाण्या माणसाने असेच केले असते. पण रंग पाण्यात सुटतो, मिथिल पारा धान्याला धरून राहतो. शिवाय त्याची लक्षणे लगेच दिसत नाहीत, कित्येक आठवडे लागतात. हातापायांना व ओठांभोवती मुंग्या, मग चालताना तोल जाणे, नजरेचा घेर आकुंचित होणे, बहिरेपणा अशा क्रमाने ती वाढत गेली. डिसेंबर १९७१ च्या अखेरीपासून रुग्णालये भरू लागली. रुग्णालयात दाखल झालेल्यांचा अधिकृत आकडा ६,५३० आणि त्यांपैकी मृत्यू ४५९. रुग्णालयापर्यंत न पोचलेले यात धरलेले नाहीत.

आता मोजमापाकडे वळू. त्या गव्हाच्या नमुन्यांत मिथिल पारा किलोला सरासरी ८ मिलिग्रॅमच्या जवळपास आढळला, म्हणजे दहा लाख भागांत आठ भाग. आकडा किरकोळ वाटतो. पण हिशोब करून पाहा. एका माणसाने दिवसाला अर्धा किलो पिठाच्या रोट्या खाल्ल्या तर पोटात ४ मिलिग्रॅम मिथिल पारा जातो. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये ठरवलेली मर्यादा शरीराच्या दर किलो वजनास आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला ती आठवड्याला ०.१ मिलिग्रॅमहून थोडी कमीच पडते. म्हणजे सुमारे चाळीस आठवड्यांत जेवढा जाणे चालले असते, तेवढा एका दिवसात गेला. शिवाय शरीरात गेलेला मिथिल पारा निम्मा होण्यास साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे रोजची भर साचतच राहते.

केसात राहिलेली नोंद

रुग्ण दाखल झाले तेव्हा अनेकांनी तो गहू खाणे थांबवून काही आठवडे लोटले होते. कोणी किती खाल्ला, कधीपासून खाल्ला, हे नक्की सांगता येईना. येथे केस कामी आले. केस तयार होत असताना रक्तातील मिथिल पारा त्यात बांधला जातो आणि मग तेथेच राहतो. केसातील प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या सुमारे २५० पट असते, त्यामुळे ते मोजणे सोपे जाते. डोक्याचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून केसांची बट मुळाशी कापून, मुळाकडील टोकाला दोरा बांधून, तिचे एकेक सेंटिमीटरचे तुकडे केले आणि प्रत्येकातील पारा मोजला, तर मागच्या एकेका महिन्याची नोंद हाती येते. इराकी डॉक्टर आणि अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाचे थॉमस क्लार्कसन यांच्या चमूने हेच केले. स्त्रियांचे लांब केस तर फारच उपयोगी ठरले. गरोदरपणाच्या कोणत्या महिन्यात आईच्या शरीरात किती पारा होता हे त्यावरून कळले. स्वतः आईला फारसा त्रास नसतानाही पोटातील मुलाच्या मेंदूला इजा झालेली असू शकते, ही गंभीर बाब या अभ्यासातून पुढे आली.

स्वीडनमध्ये हेच काम पक्ष्यांच्या पिसांनी केले होते. तेथे पारा चोळलेले बियाणे टिपणारे आणि त्या पक्ष्यांवर जगणारे शिकारी पक्षी मरू लागले होते. संशोधकांनी संग्रहालयात जपलेल्या जुन्या पक्ष्यांची पिसे तपासली. जवळजवळ शंभर वर्षांच्या पिसांत पाऱ्याचे प्रमाण कमी व स्थिर होते आणि १९४० नंतर ते एकदम अनेक पटींनी वाढले होते. मिथिल पारायुक्त बीजप्रक्रिया सुरू झाली तो हाच काळ. १९६६ मध्ये स्वीडनने हे औषध बियाण्यासाठी बंद केले.

आपल्याकडील जुने डबे

हे सारे परदेशातले असले तरी आपला त्याच्याशी संबंध आहे. आपल्या वडीलधाऱ्यांना अ‍ॅग्रोसान, सेरेसान ही नावे आठवत असतील. उसाच्या बेण्यासाठी अरेटान, एमिसान यांच्या द्रावणात कांड्या बुडवण्याची शिफारस तर कितीतरी वर्षे होती. ही सर्व पारायुक्त औषधे. त्यांतील पारा मिथिल स्वरूपाचा नव्हता. पण पारा शेवटी जमिनीतच जातो आणि चिखलातील जिवाणू त्याचा काही भाग मिथिल पाऱ्यात बदलतात. उसाच्या बेण्यासाठी वापरले जाणारे मिथॉक्सी इथिल मर्क्युरी क्लोराईड भारत सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये पूर्णपणे बंद केले. त्याच वर्षी आपल्या देशाने पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. आता बेण्यासाठी कार्बेन्डाझिमसारखी पारा नसलेली औषधे आहेत, तेव्हा जुन्या डब्याचा मोह धरण्याचे काहीच कारण नाही.

तरीही गोठ्याच्या माळ्यावर एखादा जुना डबा असू शकतो. ६ टक्के पारा असलेल्या १०० ग्रॅम भुकटीत ६ ग्रॅम पारा असतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. हा सगळा पारा पाण्यात मिसळला असे धरले, तर ६० लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत पोचेल. वीस फूट व्यासाच्या आणि तीस फूट पाणी असलेल्या विहिरी मोजल्या तर अशा वीसेक विहिरी झाल्या. म्हणून असा डबा विहिरीत, ओढ्यात टाकू नये, शेतात पुरू नये आणि जाळू तर मुळीच नये, कारण जाळल्यास पाऱ्याची वाफ होऊन ती श्वासावाटे आत जाते. डबा न उघडता जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी कुलपात ठेवावा व तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवावे.

प्रयोगशाळेत काय करतात?

पारा हा नेहमीच्या तापमानाला वाफ होऊ शकणारा एकमेव धातू म्हणता येईल. याच गुणाचा मोजमापात उपयोग होतो. नमुना तीव्र आम्लात विरघळवून त्यातील सर्व पारा एका रूपात आणतात. मग स्टॅनस क्लोराईड घालून त्याचे धातुरूप पाऱ्यात रूपांतर करतात आणि द्रावणातून हवा सोडून पाऱ्याची वाफ काचेच्या नळीत नेतात. नळीच्या एका बाजूने पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश सोडलेला असतो. वाफ जितकी जास्त तितका प्रकाश जास्त शोषला जातो. यालाच शीत-बाष्प पद्धत म्हणतात. १९६८ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि अब्जांत एखादा भाग इतका सूक्ष्म पारा मोजणे सामान्य प्रयोगशाळेलाही जमू लागले.

ही पद्धत एकूण पारा मोजते. मिथिल पारा किती, हे वेगळ्या तपासणीने काढावे लागते व ती खर्चिक असते. कोकणातील भात उत्पादकांनी हा फरक लक्षात ठेवावा. पाणी साचलेल्या खाचरात हवा नसते आणि अशाच चिखलात मिथिल पारा तयार होतो. चीनमधील गुइझोऊ प्रांतात पाऱ्याच्या खाणींजवळ राहणाऱ्या लोकांच्या शरीरात मिथिल पारा मुख्यतः भातातून जातो, असे आढळले आहे. म्हणजे दोन जमिनींत एकूण पारा सारखाच असला तरी जिरायत ज्वारी व खाचरातील भात यांचा धोका सारखा नसतो.

नमुना घेताना

बहुतेक चुका प्रयोगशाळेत होत नाहीत, शेतातच होतात. मृदा आरोग्य पत्रिकेच्या १२ घटकांत पारा नाही, त्यामुळे नेहमीच्या माती परीक्षणाच्या अहवालावरून त्याविषयी काहीच कळत नाही. सर्वांनी आपल्या जमिनीत पारा तपासावा असेही मी म्हणणार नाही, तो पैशाचा अपव्यय होईल. रासायनिक कारखान्याचे सांडपाणी ओढ्यात येते, शहराच्या मैल्याचा गाळ किंवा कचऱ्याचे खत शेतात पडते, अथवा वर्षानुवर्षे पारायुक्त औषधाने बेणे बुडवण्याची एकच ठरलेली जागा आहे, तेथेच तपासणी करावी.

अशा वेळी माती परीक्षणाच्या काही सवयी विसराव्या लागतात. नमुना उन्हात किंवा भट्टीत वाळवू नये, पारा उडून जातो. माती ओलीच, काचेच्या स्वच्छ रुंद तोंडाच्या बरणीत भरून, थंड जागी ठेवून लवकर पोचवावी. ओलावा प्रयोगशाळा वेगळा मोजते. पारा सेंद्रिय पदार्थांना धरून वरच्या थरात राहतो. नेहमीप्रमाणे २२ सेंटिमीटरपर्यंतची माती एकत्र केली तर वरचा पारा खालच्या मातीत मिसळून प्रमाण कमी दिसते. म्हणून वरचा ५ सेंटिमीटरचा थर व त्याखालचा थर वेगवेगळे घ्यावेत. त्याच प्रकारच्या, पण संशयित पाणी किंवा खत न मिळालेल्या शेताचा एक नमुना तुलनेसाठी जरूर घ्यावा. प्रदूषण नसलेल्या जमिनीतही किलोला काही शतांश ते काही दशांश मिलिग्रॅम पारा निसर्गतः असतोच. तुलनेचा नमुना नसेल तर आलेला आकडा जास्त की कमी, हे ठरवता येत नाही.

पाण्यासाठी घरची बाटली किंवा रॉकेलचा कॅन वापरू नये. प्रयोगशाळेकडूनच आम्लाने धुतलेली बाटली मागून घ्यावी. काही प्लॅस्टिकच्या भिंतींतून पाऱ्याची वाफ आत-बाहेर जाते आणि आम्ल नसेल तर पारा भिंतीला चिकटून पाण्यात कमी भरतो. ओढ्याच्या पाण्याचा एक नमुना त्या घटकेपुरतेच सांगतो. कारखान्याने रात्री पाणी सोडले आणि आपण सकाळी दहाला बाटली भरली, तर हाती काही लागत नाही. ओढ्याच्या तळाचा बारीक गाळ मात्र पारा धरून ठेवतो, म्हणून पाण्याबरोबर गाळही तपासावा. कल्याण परिसरात उल्हास नदीच्या खाडीतील गाळात कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांमुळे साचलेला पारा राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी असाच मोजला आहे.

शहरी कचऱ्याचे कंपोस्ट विकत घेताना मात्र स्वतः तपासणी करण्याची गरज नाही. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात पारा किलोला ०.१५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. विक्रेत्याकडे त्या खेपेचा अहवाल मागावा, तो आपला हक्क आहे.

अहवाल हाती आल्यावर 'आढळला नाही' हे शब्द वाचून थांबू नये. त्याच ओळीत किंवा तळटीपेत शोध-मर्यादा दिलेली आहे का ते पाहावे. शोध-मर्यादा म्हणजे ती प्रयोगशाळा कमीत कमी किती पारा ओळखू शकते तो आकडा. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम असताना प्रयोगशाळेची शोध-मर्यादा ०.००५ असेल, तर मर्यादेच्या चौपट पारा असलेल्या पाण्यालाही 'आढळला नाही' असाच शेरा मिळेल. तेव्हा नमुना देण्यापूर्वीच शोध-मर्यादा विचारावी आणि ती ०.००१ पेक्षा बरीच कमी नसेल तर नमुना दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत न्यावा.