प्रयोगशाळेचे मूल्यमापन : निकष कोणता?

घोडपदेवच्या बाजारात वाण्याच्या वजनावर वैधमापन यंत्रणेची मुद्रा असते. तिच्याच भरवशावर गिऱ्हाईक माल घेते. शासकीय संशोधन प्रयोगशाळेच्या कामावर सामान्य नागरिकाने विश्वास ठेवावा, तो कशाच्या आधारे?

पवई येथील ‘समीर’ या संस्थेचे उदाहरण घेऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सूक्ष्मतरंग उपकरणांच्या विभागातून केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८४ मध्ये ही स्वायत्त संस्था उभारली. रडारला लागणारे सूक्ष्मतरंगांचे तंत्र तिने कर्करोगावरील उपचारासाठीही वापरले. सूक्ष्मतरंगांनी इलेक्ट्रॉनांना वेग देऊन जड धातूवर आदळविले, की प्रभावी क्ष-किरण निर्माण होतात. असे रेषीय त्वरक यंत्र या संस्थेने तयार करून सेवाग्रामच्या रुग्णालयातही बसविले.

येथे मोजमाप हा जीवनमरणाचा प्रश्न होय. किरणांची मात्रा कमी पडल्यास गाठ उरते. अधिक झाल्यास निरोगी पेशी होरपळतात. ही चूक साधारणतः पाच टक्क्यांच्या आत असावी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

म्हणून केवळ शोधनिबंध मोजून मूल्यमापन पुरे होत नाही. मापे राष्ट्रीय मानकांशी ताडली जातात काय? यंत्र रुग्णालयात किती दिवस अखंड चालते? बिघडल्यास सुटा भाग व तंत्रज्ञ केव्हा पोहोचतात? हे पाहिले पाहिजे. घोडपदेवहून परळच्या टाटा रुग्णालयात कित्येक आठवडे उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने यंत्र बंद असलेला एक दिवसही मोठा असतो. प्रयोगशाळेच्या कामाची खरी मुद्रा तेथे उमटते.