खिडकीत बसलेला तरुण

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 20:7-12

त्रोवस येथील मंडळी आठवड्याच्या पहिल्या दिवशी, रात्री, माडीवर जमली होती. तो दिवस तेव्हा सुटीचा नसे. रविवारच्या विसाव्याचा कायदा सम्राट कॉन्स्टंटाइन याने इ. स. 321 मध्ये केला. म्हणून युतुख दिवसाचे काम उरकूनच आला असावा, असे आम्हांस वाटते. दिवे पुष्कळ, आणि पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलेले. (आम्हां पाळकांनी हेही वाचावे!) त्याला झोप लागली व तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला.

लूक त्याला एका शब्दानेही दोष देत नाही. पौल भाषण थांबवून खाली उतरला, त्याने त्यास कवटाळले. भाकर मोडणे त्यानंतर झाले.

आमचे तरुण ऊसतोडीवरून, कारखान्याची रात्रपाळी करून उपासनेस येतात व दाराशी बसतात. त्यांच्या पेंगण्याची चर्चा आम्ही पुष्कळ करतो. ते जेवले काय, हे क्वचितच विचारतो. तरुण संघाची सभा त्यांच्या पाळ्या पाहून ठेवावी. जो दोन रविवार दाराशी दिसला नाही, त्याच्या घरी मंडळीच्या वडिलांनी जावे. आणि रात्रीच जावे, कारण दिवसा तो भेटावयाचा नाही.