आधी ऊब, मग दूध

घरात पिल्लू आलं की आपण आधी वाटी शोधतो. कुणीही दमलेलं, भिजलेलं, रडवेलं दारात आलं की आपल्या हातांना एकच सुचतं, त्याला खायला घालावं. माझ्याही हातांना तेच सुचलं होतं. म्हणून आज हे तुमच्यापाशी बोलतेय.

गोष्ट २०२४ च्या ऑगस्टमधली. जन्माष्टमी झाली आणि बडोद्यात पाऊस थांबेच ना. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलेलं. शाळा बंद, आणि पलीकडच्या नातेवाइकांचे फोन लागत नव्हते. आम्ही वाडीतल्या जुन्या घरात वरच्या मजल्यावर बसून. माझी आठ वर्षांची लेक खिडकी सोडायला तयार नव्हती, कारण तिला खालून बारीक आवाज येत होता. लाकडी जिन्याखाली, मोडक्या सायकलीच्या मागे, दोन पिल्लं. एक भुरं, एक काळं. डोळे नुकते किलकिले झालेले, म्हणजे साधारण दहा दिवसांची.

शेजारच्या बा म्हणाल्या, "राहू दे गं तिथंच. मांजरी पिल्लं सात घरं फिरवते. येईल परत न्यायला." सात घरांचं आपल्याकडेही म्हणतातच, आणि बांचा सल्ला अगदी शहाणा होता. पिल्लं कोरडी, उबदार आणि शांत झोपलेली असतील तर त्यांची आई खाणं शोधायला गेलेली असते. काही तास लांबून लक्ष ठेवायचं, हात लावायचा नाही. आम्ही दुपारभर थांबलो. संध्याकाळी चौकातलं पाणी जिन्याच्या पहिल्या पायरीला लागलं तेव्हा मी त्यांना उचललं.

पिल्लं गार पडली होती. मी काय केलं? सासूबाईंनी दूध कोमट केलं, मी एकेक पिल्लू मांडीवर उताणं घेतलं, तान्ह्या बाळाला घेतात तसं, आणि ड्रॉपरने पाजायला लागले. काळं पिल्लू तोंड फिरवत होतं. लेक म्हणाली, "आई, ते नको म्हणतंय." मी म्हटलं, "थोडंसं अजून. एवढंच."

हे वाक्य आपण सगळ्याच रोज म्हणतो ना? डबा अर्धा परत आला की, रात्री पोळीचा शेवटचा तुकडा ताटात राहिला की. पोट भरलेलं दिसल्याशिवाय आपल्याला झोप लागत नाही.

काळ्याच्या नाकातून दूध आलं. दुसऱ्या दिवशी त्याचा श्वास भराभर चालायला लागला. रस्ते बंद, दवाखाना बंद. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेलं.

पाणी ओसरल्यावर भुरीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते मला आधी माहीत असतं तर, असं अजून वाटतं. पहिले तीन-चार आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. ते आईला आणि भावंडांना बिलगून गरम राहतं. गार पडलेल्या पिल्लाचं पोट दूध पचवतच नाही, म्हणून आधी ऊब द्यायची, मग दूध. त्याच्या तोंडात बोटाचं टोक घालून बघायचं, आत गार लागलं तर पाजायचं नाही. खोक्यात जुनी गोधडी, एका बाजूला गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून, आणि दुसरी बाजू मोकळी, म्हणजे जास्त गरम झालं तर त्याला सरकता येतं. घाई न करता, हळूहळू.

आणि पाजायचं ते पोटावर, पालथं ठेवून, ते आईला पितं तसं, मान किंचित वर. उताणं धरलं की दूध श्वासनलिकेत जातं. माणसाच्या बाळाची सवय आपण पिल्लाला लावतो, तिथंच घात होतो.

गाईचं दूधही त्याला मानवत नाही. त्यातली दुधाची साखर पिल्लाला नीट पचत नाही, जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी बघता बघता संपतं. शिवाय मांजरीच्या दुधात प्रथिनं कितीतरी जास्त असतात. औषधाच्या किंवा पाळीव प्राण्यांच्या दुकानात पिल्लांसाठी वेगळी दूध-पावडर मिळते, किटन मिल्क रिप्लेसर म्हणून. डब्यावर लिहिलेलं प्रमाण पाळायचं, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा, आणि छोट्या बाटलीनं द्यायचं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. मग हळूहळू अंतर वाढवायचं. आमच्या घरात पुन्हा एकदा रात्री दोनचा आणि पाचचा गजर सुरू झाला. नवरा दोनला उठायचा, मी पाचला. सकाळी ऑफिसला जाताना दोघांचेही डोळे चुरचुरत असायचे, आणि एकमेकांवर उगाच चिडणंही व्हायचं. ज्यांनी तान्हं बाळ वाढवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

पण खरं मोठं काम दुधाचं नव्हतंच. लेकीला काळ्याबद्दल काय सांगायचं, हे होतं.

ती उठायच्या आत नवऱ्यानं त्याला अंगणातल्या कडुलिंबाखाली पुरलं, आणि ती उठल्यावर मी म्हटलं, "त्याची आई येऊन घेऊन गेली." सहज निघालं तोंडातून. पूर, बंद शाळा, न झोपलेल्या रात्री, त्यात तिचं रडणं मला झेपलं नसतं. आपण असं खोटं मुलांसाठी बोलतो असं म्हणतो. मला वाटतं, त्यातलं निम्मं आपण आपल्यासाठी बोलतो.

ती रडली नाही. पण रोज रात्री जिन्याखाली वाटीत पाणी ठेवायला लागली, काळ्याच्या आईसाठी. आणि त्यानंतर चौथ्या दिवशी भुरीला कुरवाळत म्हणाली, "हिला का नाही नेलं? ही आवडत नव्हती का तिला?"

मी हातातलं काम ठेवलं. माझ्या त्या एका वाक्यानं तिच्या मनात एक निर्दय आई उभी केली होती, एक पिल्लू निवडणारी आणि एक टाकून जाणारी. मुलं प्राण्यांच्या गोष्टीत स्वतःला बघतात, हे मला तेव्हा कळलं.

त्या रात्री तिला खरं सांगितलं. ते आजारी पडलं आणि मेलं. त्याची आई आलीच नव्हती, कदाचित पाण्यामुळे तिला येता आलं नसेल. ती खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपण दूध दिलं म्हणून?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यावं, हे कुठल्या पुस्तकात शोधायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "मी चुकीच्या पद्धतीनं दिलं. मला माहीत नव्हतं. तू तर सांगत होतीस, मी ऐकलं नाही." मग ती रडली, बराच वेळ. मीही रडले. दुसऱ्या दिवशी तिनं कडुलिंबाखाली जास्वंदीचं फूल ठेवलं आणि जिन्याखालची वाटी आपणहून उचलली.

तुम्हालाही अशी वेळ येऊ शकते. सापडलेली पिल्लं सगळी जगत नाहीत, कितीही जपलं तरी. मुलाला आधीच एवढं सांगून ठेवावं, की आपण प्रयत्न करू. "आपण वाचवू" असं वचन मी आता देत नाही.

भुरीसाठी लेकीला एक काम ठरवून दिलं, वजनाचं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाटी, वाटीत रुमाल, रुमालात भुरी. रोज एकाच वेळी, गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर आकडा. पिल्लाचं वजन रोज साधारण १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. एके दिवशी ते वाढलंच नाही, तेव्हा माझ्याआधी तीच म्हणाली, "डॉक्टरांना फोन कर." मुलांना सगळं सोपवणं बरोबर नाही, पिल्लाची जबाबदारी मोठ्यांचीच. पण एक खरंखुरं काम मात्र द्यावं, ज्यावाचून अडेल असं. आपण त्यांना बहुतेक वेळा "लांबूनच बघ" म्हणतो, नाहीतर पिल्लू खेळण्यासारखं हातात देऊन आपल्या कामाला लागतो.

दूध पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं शेपटीखाली हलकं पुसायचं, मगच पिल्लू शी-शू करतं. तीनेक आठवड्यांपर्यंत हे आईचं काम, ती चाटून करते. लेकीनं विचारलं, "माझंही असं करायचीस?" मी म्हटलं, "तुझी दुपटी धुवायचे." तिला त्याचं फार बरं वाटलं, का कोण जाणे. पुढचे दोन दिवस ती तान्ही असतानाच्या गोष्टी विचारत राहिली.

गणपती आले, गेले. अनंत चतुर्दशीच्या सुमारास भुरी महिन्याची झाली आणि बशीतून चाटायला लागली. तेव्हा आमच्या घरात दुसरा प्रश्न उभा राहिला. घर शाकाहारी. सासूबाईंचं म्हणणं, त्यांच्या लहानपणी वाड्यातली मांजरं दूधपोळीवर वाढली. खरं आहे. पण ती मांजरं उरलेला दिवस उंदीर, पाली, चिमण्या मारत फिरायची. घरात ठेवलेल्या पिल्लाला तो जोडआहार कुठून मिळणार? मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच लागतं. ते मांसात आणि माशात असतं, डाळ-भात-भाजीत नसतं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये कळलं. हृदयही कमकुवत होतं, हे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. कुत्र्याचं खाणं म्हणूनच मांजराला पुरत नाही.

मी सासूबाईंना एवढंच म्हटलं, की ती वाघाची मावशी आहे. त्या बराच वेळ विचार करत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग तिची बशी वेगळी ठेव आणि बाहेरच्या मोरीत धुव." झालं. आमच्यासारख्या घरांना पिल्लांचं तयार ओलं अन्न सोयीचं पडतं, घरात शिजवावं लागत नाही. सुरुवातीला त्यात पिल्लांचं दूध कालवून लापशीसारखं करायचं. एकदम खूप न घालता दिवसातून चार वेळा थोडं थोडं, आणि पाण्याची वाटी कायम भरलेली. तिनं मान फिरवली की बशी उचलायची.

कांदा-लसूण घातलेलं काहीही, चॉकलेट, आणि माणसाच्या तापाची गोळी मात्र कधीच द्यायची नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांचं औषधही तिला लावू नका.

आता तुमच्या मनातली भीती. चावलं तर? ओरखडलं तर? ही भीती खोटी नाही, आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. रस्त्यावरून आलेल्या पिल्लानं ओरखडा जरी काढला तरी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. मुलाला हे सांगताना एक मात्र सांभाळा. "ओरखडा निघाला तर पिल्लू घरात ठेवणार नाही" अशी धमकी दिली, की मूल ओरखडा लपवतं. आमच्याकडे झालं हे. बाहीखाली लपवलेला ओरखडा मला दोन दिवसांनी आंघोळीच्या वेळी दिसला. तेव्हापासून आमचं ठरलंय, ओरखडा सांगितला की कुणीही रागवायचं नाही. कुणी गरोदर असेल तर शी-शूचा मातीचा ट्रे दुसऱ्यानं साफ करावा, आणि पिल्लाच्या अंगावर केस गळालेला गोल चट्टा दिसला तर दाखवून घ्यावं, तो नायटा मुलांनाही होतो.

दसऱ्याच्या आसपास भुरी आठ आठवड्यांची झाली. पहिली लस दिली, पुढच्या तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, रेबीजची दिवाळीनंतर. जंताचं औषध त्याआधीच सुरू होतं. दिवाळीत फटाके वाजले की ती कपाटातल्या स्वेटरांमागे जाऊन बसायची. लेक कपाटाबाहेर बसून गृहपाठ करायची, तिला ओढून बाहेर काढायची नाही.

गुजरातेत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट हट्टानं सांगते, उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाची. मांजराला दोरा बघितला की राहवत नाही, आणि गिळलेला मांजा आतड्यात अडकून आतडं चिरतो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर कधीही ओढू नका, तसंच डॉक्टरकडे न्या. रस्त्यावरचं जखमी जनावर दिसलं तर १९६२ ला फोन करा.

यंदा वासी उत्तरायणाला, म्हणजे १५ जानेवारीला, गच्च्यांवर अजून "काप्यो छे" चालू होतं आणि आमची लेक खाली चौकात वाकून दोरे गोळा करत होती. बांची नातवंडंही तिच्यामागे लागली. जिना, कठडा, तुळशीवृंदावन, कडुलिंबाच्या खालच्या फांद्या. पिशवी भरली तशी तिनं गाठ मारली आणि वर बघून ओरडली, "आई, भुरीला अजून सोडू नकोस. कडुलिंबाखालचं राहिलंय."