कौलं गेली की वासे गेले?

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमचं वडिलोपार्जित कौलारू घर आहे. आम्ही ठाण्याला असतो, घरी काका-काकू असतात. गेल्या पावसाळ्यात माजघरात दोन ठिकाणी आणि पडवीत एका ठिकाणी गळलं. काका म्हणतात, ‘यंदा नीट शाकारून घेऊ.’ एका कंत्राटदाराने मात्र अंगणातूनच बघून सांगितलं की छप्पर संपलं, सगळं उतरवा आणि लोखंडी पाइपांवर रंगीत पत्रा टाका. कौलारू छपराचं आयुष्य असतं तरी किती? ते बदलायची वेळ आली हे ओळखायचं कसं?

उत्तर : अंगणातून छपराचा निकाल देता येत नाही. अंगणातून फक्त कौलं दिसतात आणि कौलारू छपरात सगळ्यात शेवटी खराब होणारी वस्तू म्हणजे कौल. तेव्हा आधी काकांचं ऐका.

अशा छपराला एकच आयुष्य नसतं. कौलाचं वेगळं, त्याखालच्या वाशा-रिपांचं वेगळं, आढ्यावर कोने बसवायला वापरलेल्या मालाचं वेगळं. मंगळुरी कौल ही यंत्रात दाबलेली आणि भट्टीत भाजलेली माती. बाझल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळूरला नेत्रावतीच्या काठी या कौलांचा कारखाना काढला. पुढे तिथे आणखी कारखाने निघाले आणि गलबतांतून ही कौलं पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदराबंदरांत उतरू लागली. त्याआधी कोकणात कुंभाराच्या हातची नळीची कौलं होती किंवा गवताचं शाकार. मंगळुरी कौलाला खाचा असतात, एक कौल दुसऱ्यात अडकतं, त्यामुळे कमी कौलांत छप्पर भरतं आणि वाऱ्याने सहसा सरकत नाही. त्या जुन्या कारखान्यांची कौलं आजही कित्येक घरांवर शाबूत आहेत. तुमच्या घरातलं एखादं काढून उलटं करून बघा, पोटाला कारखान्याचं नाव उठवलेलं असेल. ते नाव लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

कौल चांगलं आहे की नाही हे कानाने कळतं. हातात उभं धरून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा आहे. पोटाचे पापुद्रे सुटत असतील, नखाने भुगा निघत असेल, तर ते कौल मुळात कमी भाजलेलं आहे आणि पाणी पितं. आयएस ६५४ या भारतीय मानकाप्रमाणे कौलाने २४ तास पाण्यात बुडवल्यावर आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी प्यायलेलं चालत नाही. घरच्या घरी हे करून बघायला वजनकाटा आणि बादली पुरते. छपराच्या वेगवेगळ्या भागांतली आठ-दहा कौलं घ्या, पावसाच्या बाजूची जास्त घ्या. वर साठलेलं शेवाळ बघून घाबरू नका. त्याने कौल मरत नाही. खाचांत शेवाळ आणि पाला साचला की पाणी तुंबतं आणि मागे सरकून आत उतरतं, एवढंच. शाकारणीत कौलं उतरवून, काथ्याच्या कुंच्याने घासून परत लावतात ती त्यासाठीच.

आता लाकूड. निकाल इथे लागतो.

भर दुपारी दारं-खिडक्या लावून माळ्यावर चढा. अंधारात कौलांतून उजेडाचे ठिपके दिसतील, ती कौलं सरकलेली किंवा फुटलेली आहेत. मग विजेरी घेऊन एकेक वासा बघा. वासा मधे सहसा जात नाही. तो जातो भिंतीवर टेकतो तिथे आणि वळचणीच्या टोकाला, कारण तिथे ओल राहते आणि वारा लागत नाही. स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून जोर द्या. टोक खसकन आत गेलं तर वासा कुजला आहे. खाली पिठासारखी भुकटी पडलेली असेल तर भुंगा लागला आहे. भिंतीवरून मातीच्या नळ्या वर चढत असतील तर वाळवी आहे, आणि वाळवीचा बंदोबस्त जमिनीपासून केल्याशिवाय नवं लाकूड चढवण्यात अर्थ नाही. ऐन, किंजळ, फणस, साग यांचे जुने वासे वरून काळे पडलेले दिसतात पण आत चिवट असतात. नुसत्या रंगावरून त्यांना बाद ठरवलेलं मी बघितलं आहे आणि त्या लाकडाच्या तोडीचं लाकूड आज सहज मिळत नाही याचं वाईट वाटतं.

शेवटी अंगणात उभं राहून आढ्याची रेघ बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणलीत तर उत्तम. बोटभर खळगा जुन्या घरात असतोच. वीतभर बाक आला असेल, पाखीला, म्हणजे छपराच्या एका उताराला, पोट सुटलं असेल किंवा भिंतीचा माथा बाहेर ढकललेला दिसत असेल, तर मामला तुळईचा किंवा आढ्याचा आहे आणि तो शाकारणीने सुटणार नाही. यात वजनाचाही भाग असतो. एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, साधारण १४० मंगळुरी कौलं लागतात. एक कौल दोन-तीन किलोचं. आठ ब्रासच्या छपरावर कोरडी कौलंच पावणेतीन टनांच्या घरात जातात, आणि कौल पाणी पिणारं असेल तर पावसात त्यावर आणखी अर्धा टन चढतो. वाशांनी हा भार जन्मभर वाहायचा असतो.

तुमच्याकडे तीन जागी गळलं, एवढ्यावरून छप्पर गेलं असं म्हणता येत नाही. थेंब पडतो तिथेच भोक असतं असंही नाही. पाणी कौलातून उतरतं, रिपेवरून, वाशावरून वाहत येतं आणि खिळा किंवा गाठ आडवी आली की टपकतं. तेव्हा ओल्या जागेपासून चढाच्या दिशेने चार-पाच हात वर शोधा. बहुतेक गळती नेहमीच्याच जागी असते : आढ्यावरच्या कोन्यांचा माल तडकलेला, दोन पाखी मिळतात तिथली पन्हळ गंजलेली किंवा पाल्याने भरलेली, पडवीचं छप्पर भिंतीला टेकतं तिथला सांधा सुटलेला. पुढच्या पावसात काकांना एवढंच सांगा की गळेल तिथे वाशावर खडूने खूण करून ठेवा. त्या खुणा काम काढताना कारागिराला दाखवल्या की त्याचं अर्धं काम होतं.

माझा हिशेब असा आहे. आढं आणि तुळया धड असतील आणि थोडेच वासे गेले असतील, तर तेवढे वासे व रिपा बदलून शाकारणी करा. एका पाखीतले तिसऱ्या हिश्शाहून जास्त वासे गेले असतील तर ती पाखी पूर्ण उतरवा, पण चांगली कौलं जपून ठेवून तीच परत चढवा. आढं किंवा तुळई गेली असेल तरच सगळं छप्पर बदलायची भाषा करा.

प्रश्न : काम कोणाला द्यावं? गावात पूर्वीसारखे कौलं चढवणारे राहिले नाहीत. आम्ही ठाण्याहून जाऊन चार दिवस थांबणार, तेवढ्यात माणूस पारखायचा कसा?

उत्तर : माणसं कमी झाली आहेत हे खरं. ज्यांच्या घरात हे काम होतं त्यांची मुलं मुंबई-पुण्याला गेली. तरी प्रत्येक पंचक्रोशीत एखादा जुना सुतार असतोच. तो स्वतः वर चढत नसला तरी कोण चांगलं चढतो हे त्याला ठाऊक असतं. देवळाचं किंवा शाळेचं छप्पर अलीकडे कोणी केलं तेही विचारा. मग त्या माणसाने दोन पावसाळ्यांपूर्वी केलेलं एखादं घर बघायला जा. यंदाचं ताजं काम बघू नका, ते सगळ्यांचंच छान दिसतं. त्या घरच्या बाईंना विचारा, कारण भांडी कुठे लावावी लागतात ते त्यांनाच माहीत असतं.

माणूस घरी आला की तो काय करतो ते पाहा. माळ्यावर चढला, वासे ठोकून बघितले, कौल काढून उलटं केलं, पाऊस कुठल्या अंगाने झोडतो हे विचारलं, तर त्याच्याशी पुढे बोला. रिपांचं अंतर किती ठेवणार, हे जरूर विचारा. जाणता कारागीर आकडा तोंडावर फेकणार नाही. तो तुमचीच कौलं घेईल, दोन रिपांवर लावून बघेल आणि मग अंतर ठरवेल. मंगळुरी कौलाला हे अंतर फुटाहून थोडं जास्त बसतं, पण कारखान्या-कारखान्यांच्या साच्यात फरक असतो. अंतर अर्धा इंच वाढलं तरी कौलावर कौल कमी चढतं आणि झडीचं पाणी आत शिरतं. कौलाच्या पोटाचं नाव लिहून ठेवायला सांगितलं ते यासाठीच. फुटलेल्या कौलांच्या जागी त्याच साच्याची कौलं हवीत, दुसऱ्या साच्याच्या खाचा जुळत नाहीत. जुनी घरं पाडली जातात तिथे अशी कौलं मिळतात. ती पन्नासेक जास्तच आणून परसात उभी रचून ठेवा, आडवी थप्पी लावली की खालची फुटतात.

वळचणीच्या ओळी तारेने बांधणार का, हेही विचारा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरुडपासून मंडणगड, दापोलीपर्यंत हजारो घरांची छपरं उघडी पडली, कौलांचीही आणि पत्र्यांचीही. वारा वळचणीखालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो. कडेच्या दोन-तीन ओळी आणि कोने नीट बांधलेले असले तर तो शिरकाव अवघड होतो. खर्च असतो तारेचा आणि एका दिवसाच्या मजुरीचा.

काम रोजावर द्यावं की उक्तं? निव्वळ शाकारणी उक्ती द्यायला हरकत नाही, कारण किती ब्रास ते दिसतंच. वासे बदलायचे असतील तर मी रोजावर देईन, कारण कौलं उतरल्याशिवाय किती वासे गेलेत ते कळत नाही आणि उक्त्या कामात कुजका वासा तसाच झाकला जाण्याची भीती असते. काहीही ठरवा, एका कागदावर लिहून घ्या : लाकूड कोणतं आणि किती जाडीचं, फुटकी कौलं कोणी आणायची, कामात फुटली तर कोणाची, जुनं लाकूड कोणाचं, ताडपत्री कोणी द्यायची. जुन्या लाकडाचं कलम विसरू नका. इसार थोडा द्या, बाकीचे पैसे कामाच्या टप्प्याने द्या आणि एक हिस्सा पहिला जोराचा पाऊस होऊन जाईपर्यंत हातात ठेवा. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.

वर चढणाऱ्याच्या कमरेला दोर असलाच पाहिजे. हे मी कळकळीने सांगतो आहे. कौल पायाखाली फुटतं, वासा दगा देतो, आणि पडणारा माणूस हातावर पोट असलेला असतो. दोर, कमरपट्टा आणि छपरावर आडवी टाकायची शिडी यांचा खर्च तुम्ही करा. तो म्हणेल, ‘सवय हाय आमका.’ तरीही करा.

आणखी एक गोष्ट. घर सामाईक असेल तर काम काढण्याआधी सगळ्या हिस्सेदारांना लेखी कळवा. एका भावाने आपल्या वाट्यावर पत्रा टाकला आणि दुसऱ्याची कौलंच राहिली, अशी घरं कोकणात जागोजागी दिसतात. दोन्हींच्या सांध्यात कायम पाणी उतरतं, ते मधल्या भिंतीत मुरतं आणि चुलत भाऊ त्यावरून भांडत राहतात. ग्रामपंचायतीतही आधी विचारा. डागडुजी वेगळी, छपराचा सांगाडा बदलणं वेगळं.

प्रश्न : आमच्याकडे माकडांचा फार त्रास आहे. दर आठवड्याला कौलं फुटतात. काकांना सत्तरीत वर चढवायचं का?

उत्तर : नाही चढवायचं. फक्त वयस्क माणसं घरात असतील आणि माकडं रोज छपरावर उड्या मारत असतील, तर पत्र्याचा विचार करणं मला पटतं. ज्यांना तिथे राहायचं आहे त्यांची झोप महत्त्वाची. पण आधी मधला मार्ग बघा : लाकूड धड असेल तर वाशांवर पातळ पत्रा, त्यावर रिपा आणि वर हीच कौलं. कौल फुटलं तरी पाणी पत्र्यावरून निघून जातं, उन्हाची काहिली आणि पावसाचा आवाज दोन्ही कमी राहतात. मात्र भार वाढतो, म्हणून वासे तपासूनच.

निव्वळ पत्रा टाकायचा झाला तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा रंगीत पत्रा घ्या. स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर मारायला सांगा, खोलगट भागात मारले की तिथूनच गळतं. रबरी वॉशर चेपून सपाट होईपर्यंत आवळू देऊ नका. पाइपांच्या वेल्डिंगवर दोन हात रंग द्या, खारा वारा आधी तिथे गंज धरतो. आणि वळचण आहे तेवढीच पुढे ठेवा. पत्रा वाचवायला ती हातभर आखूड करतात आणि मग झड थेट चिऱ्याच्या भिंतीवर येते. पडवीवर जुना सिमेंटचा पत्रा असेल तर तो फोडू किंवा करवतीने कापू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात बसते. पत्रा भिजवून, तोंडाला मास्क लावून अख्खाच्या अख्खा उतरवा आणि त्यावर कोणालाही पाय देऊ देऊ नका.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. मेच्या अखेरीला प्रत्येकालाच सुतार हवा असतो. माळ्यावरची पाहणी होळीला गावी जाल तेव्हा करा, लाकूड आणि कौलं तेव्हाच सांगून ठेवा, माणसाला इसार द्या आणि एप्रिल संपण्याआधी पहिली पाखी उतरवायला लावा. दोन्ही पाखी एकदम उघडू देऊ नका, वळीव कधी येईल ते सांगता येत नाही.