जून ते एप्रिल: शाळेतलं लेकरू धडधाकट ठेवायची कृती

पहिली ते पाचवीतलं लेकरू घरात असेल तर हा कागद कॅलेंडरमागे अडकवून ठेवा. साहित्य फार नाही: एक वही, थर्मामीटर, बारीक दातांची फणी, नेलकटर, ओआरएसची चार पाकिटं आणि पॅरासिटामॉल. क्रम मात्र मोडायचा नाही. यवतमाळात दुखणी महिना बघून येतात, म्हणून तयारीही तशीच करायची. चला, लागा कामाला.

१. लसीकरणाचं कार्ड शोधा. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हा हाताशी वेळ आहे. पाच वर्षांचा बूस्टर आणि दहाव्या वर्षाची टीडी, या दोन नोंदी बघा. नोंद नसेल तर आशाताईंना गाठा. ‘शाळेत देतीलच’ असं धरून बसू नका.

२. वजन आणि उंची वहीत लिहा. मूल अनवाणी, टाचा भिंतीला टेकलेल्या, डोक्यावर पुस्तक आडवं. मान वर केलेली असेल तर आकडा चुकतो. हे वजन पुढे औषधाच्या डोसालाही लागणार आहे.

३. मूल पाणी कुठलं पितं ते विचारा. घरचं तर विचाराच, शाळेतलंही विचारा. पांढरकवडा, झरी-जामणी, घाटंजी या पट्ट्यातल्या कितीतरी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी मुलाच्या दातांना आणि हाडांना भोवतं. हापशीला लाल रंग मारला असेल तर ते पाणी प्यायचं नाही. रंग नसेल तर ग्रामपंचायतीत तपासणीचा अहवाल मागा. आणि इथे बरेच जण फसतात: उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि फ्लोराइड उलट दाट होतं. उकळणं जंतूंसाठी, फ्लोराइडसाठी दुसरा स्रोतच हवा.

४. पाण्याची बाटली उघडून झाकण उलटं करा. आतली रबरी रिंग सुईच्या टोकाने काढा. रिंगखाली काळपट, बुळबुळीत थर दिसेल. दिसला ना? नुसती बाटली विसळून तो कधीच निघत नाही. साबण आणि जुना टूथब्रश घेऊन आटे घासा, रिंग घासा, बाटली उपडी ठेवून वाळवा. हे रोज रात्री करायचं. नळीची बाटली घेऊच नका, ती नळी आतून कोण घासणार?

५. कूलर रिकामा करा. पावसाची पहिली सर आली की आपण कूलर बंद करतो, आणि टाकीत चार बोटं पाणी तसंच राहतं. डेंग्यूच्या डासाला याहून चांगलं घर मिळत नाही. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी टाकीच्या कडेला चिकटून असतात आणि पुन्हा पाणी मिळालं की फुटतात. कडा काथ्याने घासा, टाकी उन्हात वाळवा, जुन्या जाळ्या फेकून द्या.

६. आठवड्याचा एक वार कोरडा ठरवा. त्या दिवशी रांजण, टाकं, फ्रिजमागचा ट्रे, कोंबड्यांचं भांडं, सगळं रिकामं करून घासा. एक आठवडा चुकला की डास तयार झालेच म्हणून समजा.

७. हात धुणं समोर उभं राहून शिकवा. साबण लावून वीसपर्यंत मोठ्याने आकडे म्हणायला लावा. अंगठा आणि नखांची टोकं हमखास राहतात, तिथे तुम्ही बोट ठेवून दाखवा.

८. रविवारी नखं कापा. एवढंच.

९. सकाळी काहीतरी खाऊ घालूनच शाळेत पाठवा. दूध-भाकर, रात्रीची पोळी, शेंगदाणा-गुळाचा लाडू, जे असेल ते. दुपारी शाळेचा पोषण आहार मिळतो, पाचवीपर्यंत प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि सोबत डाळ-कडधान्य. तो मन मारून नाही, आवडीने खाऊ द्या. डब्यात जवसाची चटणी, मुनग्याची भाजी, फुटाणे. पाच-दहा रुपयांची कुरकुरीत पाकिटं नकोत, त्यांनी भूक मरते. भूक वाढवणाऱ्या टॉनिकचे पैसेही वाचवा आणि त्यात अंडी आणा.

१०. १० ऑगस्टला मुलाला शाळेत पाठवाच. त्या दिवशी जंताची गोळी देतात, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम. ती चावून खायची, गिळायची नाही. ताप असेल तर त्या दिवशी देऊ नका. राहिलेल्या मुलांसाठी नंतर पुन्हा फेरी असते.

११. आठवड्याची गुलाबी गोळी मूल जेवणानंतर घेतं का, ते विचारा. ती लोहाची असते. उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि मग पोरं ती बाकाखाली टाकतात. शौचाला काळी झाली तर घाबरू नका. सिकलसेल असलेल्या मुलाला मात्र डॉक्टरांना विचारूनच द्या. सांधे वारंवार दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी करून घ्या.

१२. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत धुवा. पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की हे महत्त्वाचं. २०१७ च्या हंगामातली फवारणीची विषबाधा जिल्हा विसरलेला नाही. शाळेचा गणवेश त्या कपड्यांजवळही नको. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी, तेल, काही भरू नका, आणि फवारणी चालू असताना मुलाला धुऱ्यावरही उभं करू नका. तोंडातून लाळ, उलट्या, डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक झालेल्या दिसल्या तर थेट दवाखाना. डब्यावरचं लेबल सोबत न्यायचं, नाहीतर डॉक्टरांचा वेळ अंदाज करण्यात जातो.

१३. तान्ह्या पोळ्याच्या पुढेमागे ताप आला तर आधी मोजा. हात लावून ‘अंग गरम आहे’ हे माप नव्हे. आकडा आणि वेळ वहीत लिहा.

१४. तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या. एका वेळी वजनाच्या दर किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या वर नको, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घरात पडलंय म्हणून देऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो.

१५. कपडे काढून अंग नीट बघा. काख, जांघ, कानामागची जागा. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली तर तो स्क्रब टायफस असू शकतो. ती दुखत नाही, म्हणून मूल सांगत नाही. डॉक्टरांना आपणहून दाखवा, त्यावर साधं औषध लागू पडतं, पण लवकर दिलं तर.

१६. दोन दिवसांत ताप हटला नाही तर रक्त तपासा. ताप उतरला आणि पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, मूल सुस्त पडलंय, तर ‘उतरला बुवा’ म्हणून निश्चिंत होऊ नका. डेंग्यूत धोका तिथेच सुरू होतो. तालुक्याला सोय नसेल तर यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा.

१७. दिवाळीनंतर ओल्या केसांत फणी फिरवा. कंगवा नाही, फणीच. मुळापासून टोकापर्यंत, प्रत्येक वेळी पांढऱ्या कपड्यावर पुसत. लिखा राहिल्या तर आठवड्यात पुन्हा तेच, म्हणून सात दिवसांनी परत करा. रॉकेल लावू नका.

१८. आरोग्य तपासणीच्या दिवशी मुलाच्या दप्तरात वही ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. फळा दिसत नाही, कान वाहतो, दातांवर पिवळे-तपकिरी डाग आलेत, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. इतक्या मुलांत तुमच्या लेकराची तक्रार तेवढ्यानेच लक्षात येते.

१९. १० फेब्रुवारीला जंताची दुसरी गोळी. नियम तेच.

२०. मार्चपासून शाळा सुटायच्या वेळी दुपट्टा घेऊन फाटकावर जा. सकाळची शाळा असली तरी परतीचं ऊन कडक असतं. घरी आल्या आल्या बर्फाचं पाणी नको, माठातलं द्या, मग कैरीचं पन्हं. जुलाब लागले तर ओआरएसचं एक मोठं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात कालवा. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट ओतू नका, क्षार जास्त होऊन उलटंच होतं.

२१. मूल बरळू लागलं, अंग भट्टीसारखं तापलं किंवा शुद्ध हरपली तर सावलीत आडवं करा. अंगावर ओलं कापड घालून वारा घाला आणि १०८ लावा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.